"काकू, आज किती वेळ चालणार आहे?"

मागच्या दारावर टकटक झाली, पण ती मला ऐकू आली नाही. कानांवर आवाज अडवणारे मफ होते. राउटर, म्हणजे लाकडात खाचा कोरणारं हातातलं यंत्र, बंद केला, फळीवरचा भुसा फुंकला आणि वळले, तर दारात शेजारची मुलगी उभी. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मला वाटलं, हिला काहीतरी उसनं हवंय.

"काकू, आज किती वेळ चालणार आहे?"

एवढंच. "बंद करा" नाही, "त्रास होतो" नाही. मीही तोंडाला आलं ते उत्तर दिलं, "झालंच गं, पाच मिनिटं." मान हलवून ती गेली. त्यानंतर मी राउटर पावणेदोन तास चालवला.

आमची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत, मधे एकच सामाईक भिंत. मागच्या खोलीत मी सहा वर्षं लाकूडकाम करते. ती आणि तिचा नवरा पलीकडे राहायला येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तिचं काम घरूनच, पण घड्याळ दुसऱ्या खंडाचं. हे मला ठाऊक होतं. रात्रभर जागणारं माणूस दिवसा कधीतरी झोपत असेल, हा पुढचा हिशेब मात्र मी मांडलाच नव्हता. माझे नियम मीच घातलेले होते: सकाळी दहाच्या आधी यंत्र लावायचं नाही, संध्याकाळी सातनंतर लावायचं नाही, दुपारी दोन ते चार खोलीला कुलूप. सातनंतर काम करायचंच असेल तर फक्त हातानं, पटाशी आणि लाकडी मोगरी घेऊन. इतकी सज्जन सुतारीण शोधून सापडायची नाही, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत होती.

त्या दिवशी रात्री झोप येईना. पाच मिनिटांचं खोटं बोलले म्हणून नव्हे. ते तर आपण दिवसातून दहादा बोलतो. आठ महिने ती काही बोलली नव्हती, हे टोचत होतं.

मग सुरुवात केली ती अर्थातच चुकीच्या ठिकाणाहून. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. हातभर अंतरावरून लाकूड घासणारा सँडर ८४ डेसिबल, राउटर ९७, फळीला रंधा मारणारा प्लेनर १०१. हे आकडे किलोसारखे नसतात हे समजायला मला बराच वेळ लागला. डेसिबल मुळात टेलिफोनच्या तारांमध्ये संदेश किती क्षीण होतो ते मोजण्यासाठी १९२०च्या दशकात ठरवलेलं एकक, आणि त्याचं मोजमाप गुणाकारानं चालतं. १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट झाली. आपल्या कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. सारखी दोन यंत्रं एकदम लावली तर आकडा फक्त ३नं वाढतो. ९७च्या राउटरशेजारी ८२चा व्हॅक्यूम लावला तर बेरीज जवळजवळ ९७च राहते. म्हणजे व्हॅक्यूम शांत करण्यात मी घालवलेला पहिला रविवार पाण्यात गेला होता. सगळ्यात मोठा आवाज खाली येत नाही तोवर बाकीचे त्याच्या सावलीत लपलेले असतात.

पण अ‍ॅपला मुख्य गोष्ट ठाऊक नव्हती. ते माझ्या खोलीतलं मोजत होतं, आणि त्रास तर भिंतीपलीकडे होता. म्हणून शेवटी मनाचा हिय्या करून मी तिच्याकडे गेले आणि विचारलं, "तुझ्या झोपायच्या खोलीत मला अर्धा तास बसू देशील का?"

ती गोंधळली, मग हसली. भाच्याला मी कागद लिहून दिला होता: दोन मिनिटं टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), दोन मिनिटं राउटर, मग प्लेनर, मग नुसता भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर, शेवटी पटाशीनं एक खाच. पलंगाच्या कडेवर आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या बसलो. उशी भिंतीला लागून होती.

टेबल सॉ सुरू झाला. मी जीव मुठीत धरून होते, पण फार काही नव्हतं. दोन घरं सोडून कुणी मिक्सर लावावा तसं. राउटर आला. तोही मोठा नव्हता, पण चमत्कारिक होता. चाळीस सेकंद किंचाळायचा, थांबायचा. आता संपलं म्हणून खांदे सैल सोडावेत, तोच पुन्हा. तिसऱ्या वेळी मी त्या शांततेत श्वास रोखून बसल्याचं माझ्याच लक्षात आलं. मी राउटर चालवते तेव्हा मधल्या शांततेत फळी फिरवत असते, क्लॅम्प सोडत असते. माझ्यासाठी ते काम असतं. इथं ती शांतता म्हणजे पुढच्या किंचाळीची वाट बघणं.

प्लेनर पोटात जाणवला. डस्ट कलेक्टरला तर दिशाच नव्हती. एक सपाट गुरगुर, जी भिंतीतून येते की पलंगातून की आपल्याच डोक्यातून, सांगता येईना. फोन काढून बघितलं, तर अ‍ॅप जवळजवळ काहीच दाखवेना. त्याचं कारण नंतर कळलं: असली अ‍ॅप्स बहुधा माणसाच्या कानाच्या कलानं मोजतात आणि खालच्या सुरांना कमी गुण देतात. १०० हर्ट्झच्या सुराचे सुमारे १९ डेसिबल त्या पद्धतीत कापले जातात. घरातल्या विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असला की मोटर नेमकी १०० हर्ट्झला गुणगुणते. दिवसा, धावपळीत, हा हिशेब बरोबर असेल. उशीवर कान ठेवल्यावर तो तसा राहत नाही.

आणि मग, ठक्.

मी दचकले. खरोखर दचकले, पलंगावरून इंचभर उडाले असेन. ठक्, ठक्, ठक्. थांबला. ठक्. भिंतीच्या आत कुणीतरी कोंडलंय आणि बाहेर यायला बघतंय, असा तो आवाज.

"हेच," ती म्हणाली. "यंत्रांचं एवढं नाही हो काकू. संध्याकाळी मी मीटिंगमध्ये असते ना, तेव्हा हे सुरू होतं. सगळे विचारतात, तुझं दार कोण वाजवतंय?"

माझं सातनंतरचं ते शांत, सात्त्विक हातकाम.

घरी येऊन टेबलाकडे बघितलं तेव्हा कारण समोरच होतं. सहा वर्षांपूर्वी टेबल हलू नये म्हणून मी ते सामाईक भिंतीला चार जाड स्क्रूंनी आवळून टाकलं होतं, आणि त्या मजबुतीचा मला अभिमान होता. आवाजाला भिंत ओलांडायला दोन वाटा असतात. हवेतून येणारा आवाज भिंतीवर आपटतो आणि त्यातला थोडाच पलीकडे पोचतो. पण घाव थेट भिंतीत शिरला तर भिंतच ढोलाचं कातडं होते. आगगाडीच्या रुळाला कान लावणाऱ्या पोरांना हे कळतं. मला पन्नाशीत कळलं. राउटरच्या ९७ डेसिबलना विटांची भिंत आडवी येत होती, आणि मोगरीच्या घावाला मी स्वतः चार स्क्रूंचा पूल बांधून दिला होता.

स्क्रू काढले. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले. पहिले तुकडे टणक होते, काही उपयोग झाला नाही. रबर वजनाखाली थोडं दबलं पाहिजे, तरच ते कंप गिळतं. दबत नसेल तर ते रबर असो की दगड, सारखंच. आणि टेबल भिंतीपासून सुटल्यावर डुलायला लागलं, म्हणून खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या रचल्या. खाचेची पद्धतही बदलली. आधी गिरमिटानं भोकं पाडून आतलं लाकूड पोखरून काढायचं आणि पटाशी फक्त कडा सरळ करायला घ्यायची, ती तळहातानं ढकलून. मोगरीचे दहा घाव होते तिथं दोन राहिले.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला, तोही सांगून टाकते, कारण हा मूर्खपणा जो तो करतो. भिंतभर फोमचे तुकडे चिकटवले. वर कोपऱ्यांत अंड्यांचे ट्रेही. खोलीत गेल्यावर काय सुख वाटलं म्हणून सांगू! टाळी वाजवली तर मऊ, गोल आवाज. मी धावत पलीकडे विचारायला गेले. ती ओशाळून म्हणाली, "नाही हो काकू, तसंच आहे."

खोलीतला घुमारा कमी होणं वेगळं आणि आवाज बाहेर न जाणं वेगळं. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८९५मध्ये एक सभागृह सुधारायला दिलं होतं, जिथं बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा आणि पुढच्या शब्दांवर चढायचा. तो रात्री-अपरात्री, सगळं निजानीज झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, सभागृहात मांडायचा, घुमारा किती सेकंदांत विरतो ते मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला. माझा फोम म्हणजे सबाइनच्या गाद्या. आत बसलेल्याला त्या सुख देतात. भिंतीपलीकडे झोपलेल्याला वजन लागतं. हलक्या, सच्छिद्र वस्तूला आवाज सहज पार करून जातो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर जेमतेम ५-६ डेसिबल कमी होतात, आणि तेही खालच्या सुरांना कमीच लागू पडतं. म्हणून नुसतं जाड करत सुटण्यापेक्षा दुसरी भिंत उभी करायची, पहिलीला न टेकता. मी सामाईक भिंतीपासून थोडी जागा सोडून लाकडी सांगाडा उभा केला, पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरलं आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर बसवले, सांधे एकावर एक येणार नाहीत असे. सांगाड्याचा एकही खिळा जुन्या भिंतीत नाही. खिळा ठोकायचा मोह दहादा झाला.

तरीही मनासारखा फरक पडेना. तेव्हा एक हिशेब वाचनात आला आणि मी हादरले. भिंत कितीही भारी असो, तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी असेल तर ती २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. फट म्हणजे पाणी गळणारं भांडं. तळ जाड केल्यानं गळती थांबत नाही. माझ्या दाराखालची फट बोटभर होती, ती रबरी पट्टीनं बुजवली. पण मुख्य भोक सापडलं ते योगायोगानं. लाइट गेले होते. मी टॉर्च घेऊन स्विचबोर्ड चाचपत होते, आणि पलीकडून तिचा आवाज आला, "काकू, तुमचा उजेड माझ्या प्लगमधून येतोय!" बांधणाऱ्यानं दोन्ही घरांचे बोर्ड भिंतीच्या एकाच भोकात पाठीला पाठ लावून बसवले होते. मधे हवेशिवाय काही नव्हतं. आम्ही दोघी एका भोकाच्या दोन टोकांना डोळे लावून हसत होतो. वायरमनला बोलावून एक बोर्ड हलवला आणि भोक चुना-विटांनी भरून टाकलं. त्या एका दुपारच्या कामानं जे झालं, ते फोमच्या महिन्याभरात झालं नव्हतं.

फटी बुजवल्या की खोलीचा डबा होतो, मोटरींच्या उष्णतेनं आणि धुळीनं गुदमरायला होतं, हे वेगळं सांगायला नको. हवेला वाट हवीच. तिला वळणावळणाची, आतून रॉकवूल लावून कापडानं मढवलेली लाकडी पेटी करून दिली. हवा वळते, आवाज दर वळणावर थोडा झिजतो.

यंत्रांकडे मी सगळ्यात शेवटी वळले, जे खरं तर पहिल्यांदा करायला हवं होतं. आवाज जन्मालाच कमी आला तर भिंतींना काम कमी. राउटरसारख्या हातातल्या यंत्रांमध्ये ब्रशवाली मोटर असते, ती मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेते आणि लाकडाला टेकायच्या आधीच ओरडत असते. टेबलाखाली बसणारी इंडक्शन मोटर ३,०००च्या आतबाहेर फिरते आणि नुसती घुमते. पण टेबल सॉची शीळ मोटरची नसतेच, ती पात्याची. ४० दात, मिनिटाला २,८५० फेरे. म्हणजे सेकंदाला १,९०० दात हवा कापत जातात. आपला कान तीक्ष्ण होतो त्या पट्टीच्या उंबरठ्यावरचा हा सूर आहे. पात्यावर राळ चढली होती, ती धुतली. दातांना धार लावून आणली. शीळ गेली नाही, पण तिच्यातला कर्कशपणा उतरला. बोथट पातं लाकूड कापत नाही, लाकडाशी भांडतं.

प्लेनरचं दुखणं तसंच. तीन सरळ पाती, मिनिटाला ५,००० फेरे. सेकंदाला २५० वेळा फळीच्या पूर्ण रुंदीवर एकदम थप्पड बसते. याऐवजी छोट्या छोट्या चौकोनी पात्यांचा मळसूत्री रूळ मिळतो, त्यात एका वेळी थोडंच लाकूड तिरकं सोललं जातं. तो मी घेतला, आणि माझ्या मते आवाजावर केलेल्या सगळ्या खर्चांत हाच शहाणपणाचा. पोटातली ती थरथर गेली. राउटरला मात्र असा उतारा नाही. त्याला कमी काम देणं एवढंच हातात आहे: जास्तीचं लाकूड आधी बँड सॉवर काढून टाकायचं, राउटरला शेवटचा पातळ थर ठेवायचा. लांब फळीचं टोक टेबलाबाहेर अधांतरी सोडायचं नाही. ते ताटासारखं वाजतं. एक जादा क्लॅम्प पुरतो.

एवढं सगळं होऊनही तिचा तो प्रश्न तसाच होता. मी आवाज कमी केला होता. "किती वेळ" याचं उत्तर दिलं नव्हतं.

अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलेले प्रयोग वाचले तेव्हा मला तिची ती उशी आठवली. लोकांना बसवून कर्कश आवाज ऐकवले, काहींना ठरलेल्या अंतरानं, काहींना केव्हाही. नंतर शांततेत काम दिलं: मुद्रितशोधन, न सुटणारी कोडी. ज्यांनी केव्हाही येणारा आवाज सोसला होता, त्यांच्या चुका जास्त आणि चिकाटी कमी. पण अशाच काही जणांसमोर एक बटण ठेवलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज तोच, तितकाच, तितकाच बेभरवशाचा. तरी त्यांची कामगिरी पुष्कळ चांगली झाली.

तिच्याकडे बटण नव्हतं. आणि मी कानांवर मफ चढवून, दाराकडे पाठ करून उभी. मफ काढून टाका असं मी कुणाला सांगणार नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची हद्द मानली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते आणि १००ला १५ मिनिटं उरतात. पण त्यामुळे असं झालं होतं, की आवाज करणारी एकटी मीच सुरक्षित होते.

आठवडाभर मी खडूनं फळ्यावर मिनिटं लिहिली. प्रत्येक वेळी यंत्र लावताना रेघ, बंद करताना रेघ. चार तासांच्या कामात यंत्रं प्रत्यक्षात चालत होती ४१ मिनिटं! बाकी वेळ मी मापं घेत होते, खुणा करत होते, हरवलेली पेन्सिल कानामागे शोधत होते. ही ४१ मिनिटं चार तासांवर शिंपडलेली होती, म्हणून पलीकडे चारही तास वाया जात होते. आता आधी सगळ्या खुणा करून घेते, फळ्या क्रमानं रचते आणि कापण्याचं काम एका दमात उरकते. ती उठते साडेबाराला. सकाळी मी निरोप पाठवते: "प्लेनर १ ते १:२०, मग राउटर १:४५पर्यंत." नको असेल तर तिनं फक्त "नको" लिहायचं, कारण सांगायचं नाही, असं ठरलंय. १:४५ म्हणजे १:४५. एकदा मधेच फळी अर्धी राहिली आणि तीन मिनिटांनी संपली असती, बंद केली. हात शिवशिवत होते.

दीड वर्ष झालं. "नको" दोनदा आलं. एकदा तिला ताप होता, एकदा कारण कळलं नाही.

मागच्या मंगळवारी मी निरोप पाठवायच्या आधीच तिचा आला: "काकू, आम्ही दोघंही दोन दिवस गावाला चाललोय. रात्री बारा वाजता प्लेनर लावा, काय हवं ते करा!"

मी खोलीत गेले. टेबलावर कपाटाची दारं क्लॅम्पमध्ये आवळलेली होती, सांध्यांतून गोंदाचे थेंब बाहेर आले होते. ते वाळायला दोन दिवस हात लावायचा नव्हता.